न चालणारा कन्व्हर्टर

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात चालणारी वस्तू मागायला रोज हजार माणसं येतात. न चालणारी वस्तू मुद्दाम मागायला आलेला शिवप्रसाद हा बहुधा पहिलाच असावा.

त्याचं स्वतःचं भांड्यांचं दुकान गोलाईतच होतं, आणि मोबाइलचं सामान विकणारा यासेर त्याच्या ओळखीचा. शिवप्रसादनं आपल्या आईचा फोन काउंटरवर ठेवला आणि ह्याला हेडफोनचं भोक नाही, तर वायरचा हेडफोन लागेल असा कन्व्हर्टर दाखव म्हणाला. यासेरनं आधी बिनवायरचे दाखवले. शिवप्रसादनं मान हलवली. त्याच्या आईच्या कानात ते टिकत नसत. एकदा तर एक ताकाच्या भांड्यात पडला होता. मग यासेरनं बोटभर लांबीचे दोन कन्व्हर्टर पुढ्यात ठेवले. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखेच. देवानं जुळी पोरं द्यावीत आणि एक मुकं निघावं, तसा तो प्रकार होता.

"शिवभैया, ह्याच्यात दोन जाती हायत," यासेर म्हणाला. "हा चिपवाला, हा बिनचिपचा. तुमच्या फोनला बिनचिपचा लावला तर आवाज भायेरच येतो. कानात काहीच न्हाई."

"काहीच न्हाई? नक्की?"

"लावून बघा की."

शिवप्रसादनं लावून बघितला. हेडफोन कानात घातला, गाणं लावलं. गाणं काउंटरवरच्या फोनमधून मोठ्यानं वाजू लागलं आणि कानात चिडीचूप. त्यानं दोनदा काढून घालून खात्री करून घेतली आणि म्हणाला, हाच दे. यासेरला वाटलं, माणूस किमतीकडं बघून राहिलाय. चिपवाला घेऊन जा, पैसे मागाहून द्या, असं तो समजावत राहिला. शिवप्रसादनं बिनचिपचा खिशात टाकला आणि वळून न बघता दुकानाबाहेर पडला. गर्दीत येताच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की, समोरून येणाऱ्या ओळखीच्या आडत्याला रामराम घालायचंही सुचलं नाही.

हा माणूस वाईट नव्हता. घरात पहिला घास आईच्या ताटात वाढला गेला का ते बघणाऱ्यांतला होता. पण भला माणूस एकदा खोटं बोलायला लागला की, त्याच्याइतकं नेटानं खोटं बोलणं लबाडालाही जमत नाही, हे त्याच्या बाबतीत खरं झालं होतं.

त्याच्या आईचं नाव महादेवी. ती मूळची निलंग्याकडची, कर्नाटकाच्या कडेची, म्हणून घरात तिला सगळे अव्वा म्हणत. वयानं तिला ऐकू येईनासं झालं होतं. कानाची मशीन आणली, तर ती शिट्ट्या मारी. अव्वानं ती डबीत बंद करून देव्हाऱ्याखालच्या खणात टाकून दिली. मार्ग काढला तो मंजुश्रीनं. मंजुश्री म्हणजे शिवप्रसादची थोरली बहीण, नांदेडला दिलेली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं अव्वाच्या जुन्या फोनवर आजूबाजूचा आवाज मोठा करून कानात सोडणारं एक ॲप टाकलं, वायरचा हेडफोन जोडला आणि अव्वाच्या कानात घालून समोर बसून साध्या आवाजात म्हणाली, अव्वा, भाकरी करपून राहिली. अव्वा उठून चुलीकडं पळाली आणि मग दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून रोज दिवेलागणीला अव्वा हेडफोन घालून फोनवर मंजूशी बोलायची. घरातल्यांशी ती बोलायची ती कामापुरती. मन मोकळं करायची ते मंजूपाशी.

उन्हाळ्याच्या तोंडाला अव्वाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती लातूरच्या दवाखान्यात असतानाच नांदेडहून मंजूच्या नवऱ्याचा, शिवलिंगदाजींचा फोन आला. मंजू स्वयंपाकघरात पडली होती. डोक्यात रक्तस्राव झाला होता. शिवप्रसाद अहमदपूर, लोहा करत गाडी पळवत पोचला तोवर ती गेली होती. अव्वाला त्यानं सांगितलं, दुकानाचा माल आणायला चाललोय. परत आल्यावर त्यानं हातपाय धुतले, कपाळाला भस्म लावलं आणि अव्वाच्या खाटेशी बसून तिला मोसंबीचा रस पाजला. बहिणीला माती देऊन आलेले हात होते ते.

डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे धक्का देऊ नका. ते आठवडे संपले. मग शिवप्रसाद म्हणाला, टाके भरू द्या. टाके भरले. मग म्हणाला, तिला जरा जेवण जाऊ द्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता जेठ महिना आला. मंजूच्या दुःखाला भेटायला येणारी माणसं घराकडं न येता त्याच्या दुकानात येऊन बसत, पातेल्यांच्या चळतींमध्ये डोळे पुसत आणि तिथूनच परत जात. दवाखान्याच्या गडबडीत अव्वाचा जुना फोन पडून फुटला होता. त्यानं नवा आणला आणि त्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. हे त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. पण झालं ते बरंच झालं, असं त्याला वाटलं आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

घरात मग पाटी आली. अव्वाला काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचं. मंजू का येत नाही, असं अव्वानं विचारलं की शिवप्रसाद लिही, तिची सासू अंथरुणाला खिळलीय. व्हिडिओवर तरी दाखव म्हटलं, तर लिही, तिच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. प्रत्येक खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू. अव्वा वाचायची आणि पाटी पुसायची. पण नागपंचमी जवळ आली आणि तिचा धीर सुटला. पंचमीला लेक माहेरी येणार, भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जाणार, हे त्या घरात कधी चुकलं नव्हतं. मला मंजूला स्वतःच्या तोंडानं बोलवायचंय, तिचा आवाज ऐकायचाय, बाजारातून फोनला जोडायचं ते काय असतं ते आण, असं अव्वानं त्याला सांगितलं. गल्लीतली पोरं वापरताना तिनं पाहिलं होतं. आता नाही कसं म्हणणार?

म्हणून तो यासेरकडं गेला. त्याचा हिशोब साधा होता. कन्व्हर्टर आणला म्हणजे आईचा शब्द राखला. तो चालला नाही म्हणजे कंपनी फसवी. दुसरा मागवू, तोवर पंचमी निघून जाईल.

घरी अव्वा वाटच बघत होती. हेडफोन तिनं पदरानं पुसून ठेवला होता. शिवप्रसादनं कन्व्हर्टर जोडला, अव्वानं दोन्ही बोंडं कानात नीट बसवली आणि त्याच्याकडं बघत मान डोलावली. आधी गाणं लावून बघू, असं त्यानं खुणेनं सांगितलं आणि गाणं लावलं. फोनमधून सनईसकट गाणं घरभर पसरलं. स्वयंपाकघरातून त्याची बायको सुकन्या पीठ भरल्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, अहो, आवाज बाहेर येतोय. त्यानं तिच्याकडं असं बघितलं की ती जागच्या जागी थांबली. मग तिच्या सगळं ध्यानात आलं आणि ती आत गेली.

अव्वाचा चेहरा आधी उत्सुक होता. मग तिनं बोंडं दाबली. काढून फुंकर घातली, परत घातली. आवाज वाढव, म्हणाली. त्यानं वाढवला. शेजारची मांजर पळाली, एवढा वाढवला. अव्वानं नकारार्थी मान हलवली. इथं शिवप्रसादच्या हिशोबात नसलेली गोष्ट घडली. त्याला वाटलं होतं, ती वस्तूला बोल लावेल. तिनं कानांना लावला.

"गेले रे माझे कान," ती म्हणाली. "मशीननं येत नव्हतं, पर ह्याच्यानं यायचं. आता ह्याच्यानंबी येईना."

त्यानं पाटी ओढली आणि घाईघाईनं लिहिलं, वस्तू खराब आहे. अव्वानं वाचलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. तिला वाटलं, पोरगा आपलं मन राखायला खोटं बोलतोय. एवढ्या महिन्यांत त्यानं पाटीवर लिहिलेली ती बहुधा पहिली खरी गोष्ट होती, आणि नेमकी तीच तिला खरी वाटली नाही.

तेवढ्यावर तो सुटला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण अव्वानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, मंजूला फोन लाव. मला ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, तिला तर येतंय. मी बोलते, ती ऐकेल. शिवप्रसादनं नाही नाही म्हणून हात हलवले. अव्वानं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मंजूच्या फोटोवर बोट ठेवलं.

मंजूचा नंबर तिच्या लेकीकडं, विशाखाकडं होता. ती नांदेडला बारावीला होती आणि आईच्याच फोनवर अभ्यास करायची. तिनं उचलला. "मामा?" असा तिचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीत आला. अव्वाला काही ऐकू आलं नाही. पडद्यावरचे आकडे पळताना बघून तिला कळलं की पलीकडं कुणी आहे.

"मंजू, तू बोलू नको. माझे कान गेले माय. तू निस्ती ऐक," अव्वा म्हणाली.

मग ती बोलत राहिली. पंचमीला येच म्हणाली, सासूपाशी दोन दिवस दुसरं कुणी बसेल. लाह्या फोडून ठेवल्यात म्हणाली. इकडची तिकडची चार वाक्यं झाली आणि तिचा आवाज बदलला. इतके दिवस जे कुणाजवळ बोलली नव्हती ते तिनं बाहेर काढलं. माझी छाती चिरली, मी दवाखान्यात पडले होते, दारात कुणाची सावली पडली की तूच आलीस वाटायचं, असं ती म्हणाली. तू आली नाहीस. सासू आजारी असेल, मान्य. पण एक दिवस? मी मनात लई राग धरला तुझा. शिव्या दिल्या तुला. नर्सबाई विचारायची, आजी, लेक नाही का तुम्हाला, तर मी म्हणायची, हाय, पर तिला सवड न्हाई.

"आता सोडला म्या राग," अव्वा म्हणाली. "म्हातारीच्या रागाला काय अर्थ? तू ये फकस्त."

फोनमधून विशाखाच्या रडण्याचा आवाज येत होता. पोरगी तोंड दाबून रडत होती. अव्वा शिवप्रसादकडं बघून विचारत होती, ऐकून राहिली ना? त्यानं मान हलवली. मग विशाखा बोलली, आणि ती त्याच्याशी बोलली.

"मामा, तुमी माझ्या मेलेल्या आईला वाईट ठरवलं," ती म्हणाली. "आज्जीला तिचा राग यावा म्हणून गेली का ती?"

फोन बंद झाला. अव्वानं तो उशीशी ठेवला आणि समाधानानं भिंतीला टेकून बसली. शिवप्रसाद उठून मोरीत गेला, नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआड पोटभर रडला. बहीण गेल्यापासून तो असा रडला नव्हता. आईला दुःख होऊ नये म्हणून त्यानं बहिणीची मेल्यावर बदनामी केली होती. ती बिचारी दवाखान्यात येण्यासाठी पिशवी भरून बसली होती. भाकरी, तिळाची चटणी आणि अव्वाचे औषधाचे चमचे ठेवायला शिवलेली एक छोटी थैली, असं सगळं त्या पिशवीत होतं. दाजींनी ती त्याला दाखवली होती. आणि इकडं अव्वा नर्सबाईला सांगत होती की लेकीला सवड नाही.

सुकन्या मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिनं टोमणा मारला नाही. डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं की आता हळूहळू सांगायला हरकत नाही, एवढीच तिनं आठवण करून दिली. भ्यायलंय ते अव्वांचं काळीज नाही, तुमचं भ्यायलंय, असंही म्हणाली. तिला हे कधीचं बोलायचं होतं. त्यानं नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो यासेरकडं गेला आणि चिपवाला मागितला. यासेर म्हणाला, मी म्हणलो होतो ना, आणि जुना परत घ्यायला हात पुढं केला. आपल्या लबाडीची खूण म्हणून शिवप्रसादनं तो दिला नाही. काहीतरी पुटपुटत चिपवाला घेऊन तो थेट घरी आला. वाटेत त्यानं डॉक्टरांना फोन केला, गोळी कधी द्यायची ते विचारून घेतलं. शेजारच्या गल्लीतल्या आपल्या मावशीला, रेणुकामावशीला, घरी येऊन बसायला सांगितलं. तयारी त्यानं सगळी केली. फक्त पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्याला घराच्या दारापर्यंत सुचलं नव्हतं.

अव्वा नको नको म्हणत होती. कान गेलेल्या बाईला कशाला ही वायरींची जत्रा, म्हणाली. सुकन्यानंच तिच्या कानात बोंडं घातली आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मावशीजवळ जाऊन उभी राहिली. शिवप्रसादनं कन्व्हर्टर जोडला, मंजूनं दाखवलं होतं तेच ॲप चालू केलं आणि फोन तोंडाजवळ धरला. किती तरी महिने तो तिच्याशी एक तर ओरडून बोलला होता, नाही तर पाटीवर लिहून. आज तो हळूच म्हणाला, अव्वा.

अव्वा दचकली.

"हळू बोल की," ती म्हणाली. "कान फाटंल माझा."

आणि हसली. बोळकं उघडून, डोळे मिटून हसली. सुकन्याच्या बांगड्या वाजल्या, त्याकडं तिनं वळून बघितलं. बाहेर कुणी तरी बोअरची मोटर चालू केली, तर ती म्हणाली, पाणी आलं वाटतं. माझे कान हायत की रे, असं ती दोनदा म्हणाली. शिवप्रसादला वाटलं, हे एवढं हसू होऊन जाऊ द्यावं. अजून एक दिवस. फक्त पंचमीपर्यंत. तोच जुना मोह परत त्याच्या मानगुटीवर बसत होता.

"लाव मंजूला," अव्वा म्हणाली. "आता ऐकते तिचं."

त्यानं फोन तोंडाजवळच धरून ठेवला.

"अव्वा, मंजू अक्का न्हाई ऱ्हायली."

अव्वानं उजव्या कानातलं बोंड बोटानं दाबलं. वायरीत काही चूक झाली असेल, असं तिला वाटलं असावं. काय म्हणलास, तिनं विचारलं. तेच वाक्य त्याला पुन्हा एकदा म्हणावं लागलं आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. मग त्यानं सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात पडली ते, दवाखान्यात नेलं ते, त्याला पोचायला उशीर झाला ते. तू इथं दवाखान्यात होतीस तेव्हाच, असं म्हणाला. अव्वा त्याच्या तोंडाकडं बघत ऐकत होती. हेडफोन तिनं काढला नाही.

"माती दिली?" तिनं विचारलं.

"हाव."

"साडी कुणाची नेसवली?"

"तूच दिलेली. इरकली. तिच्या कपाटातनं म्याच काढली."

माहेरची साडी लेकीच्या अंगावर गेली होती, हे ऐकून अव्वानं मान हलवली. मावशी पुढं येऊ लागली, तर अव्वानं हात वर करून तिला थांबवलं. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, म्हणजे ती आली असती. शिवप्रसादनं त्या पिशवीचं सांगितलं. भाकरी, चटणी, चमच्यांची थैली. ऐकता ऐकता अव्वाचा चेहरा असा झाला की त्याला बघवेना. लेक गेल्याचं दुःख तिला झालंच होतं. पण गेलेल्या लेकीवर आपण इतके महिने रुसून बसलो, हे दुःख त्याच्याही वरचं होतं, आणि ते तिला मरणानं दिलं नव्हतं, मुलानं दिलं होतं. तो तिच्या पायाशी बसला आणि त्यानं डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, ढकललंही नाही.

"काल कोण ऐकत होतं मग?" तिनं विचारलं.

"विशाखा."

"समदं?"

"समदं."

अव्वानं डोळे मिटून घेतले. लेकीच्या लेकीला आपण काय काय ऐकवलं ते ती एकेक करून आठवत असावी. तिचे ओठ हलत होते. मग तिनं हात पुढं केला.

"लाव तिला."

थोडं थांब, आधी पाणी पी, गोळी घे, असं शिवप्रसाद म्हणू लागला.

"लाव," अव्वा म्हणाली. "काल समदं म्याच बोलले. आज ती बोलंल, म्या ऐकते."

त्यानं नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. अव्वानं दोन्ही हातांनी तो धरला. पलीकडं उचलला गेला तेव्हा ती म्हणाली, मामा नाही, आज्जी आहे, बोल माय, मला ऐकू येतंय. मग ती गप्प झाली.

आज आवाज बाहेर येत नव्हता. विशाखा रडत होती की भांडत होती की आईच्या शेवटच्या दिवसाचं काही सांगत होती, हे शिवप्रसादला कळायला मार्ग नव्हता. खोलीत फक्त बाहेरच्या मोटरीची घरघर होती. अव्वा मधून मधून हाव म्हणत होती, मान हलवत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून वायरीवर पडत होतं. तो तिच्या पायाशी तसाच बसून राहिला. नात बराच वेळ बोलत होती आणि अव्वा एकेक शब्द ऐकत होती.